किल्लीकाकांचा घेवडा

सगळा जन्म लोकांची कुलपं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे किल्लीकाकांचा माणसांवरचा विश्वास केव्हाच उडाला होता. दूधवाला नुसता हसला तरी ते पातेल्यात डोकावत. बायको तर चोवीस तास घरातच, म्हणजे पहिली संशयित.

थोरल्या बहिणीच्या परसातला जांभळ्या फुलांचा घेवडा हा त्यांचा जीव की प्राण. तसला बाजारात कुठे मिळत नसे. बहीण गेली, परसात गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि उरलं ते काकांच्या लोखंडी पेटीतलं मूठभर जुनं बी. ते मेलेलं निघालं, तर वाणच संपला.

पेरण्याआधी पारखावं म्हणून त्यांनी सगळंच बी बनियनच्या ओल्या तुकड्यात गुंडाळलं, घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबलं, डबा पेटीत ठेवला आणि वर स्वतःच्या हातचं कुलूप ठोकलं.

“अहो, झाकण जरा किलकिलं ठेवा,” भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या. “कोंब यायला हवा लागते. असं कोंडलंत तर कुजेल.”

“किलकिलं कशाला? तुला हात घालायला?”

“मला काय करायचंय? कानात घालून मिरवू?”

काकांनी किल्ली गळ्यात अडकवली.

आठवड्याने डबा उघडला तर भपकारा आला. सगळं बी बुळबुळीत. काकांनी डबा काकूंच्या नाकाशी धरला.

“जास्तीचं पाणी कोणी ओतलं यात?”

“कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या गळ्यात. भुताने ओतलं असेल.”

गाठोडं टाकायला ते बाल्कनीत गेले, तर फुटक्या बादलीत चार कोवळी रोपं माना वर काढून उभी.

“हे कुठलं?”

“तुमच्याच पेटीतलं. दुपारी घोरत होतात तेव्हा चार दाणे काढले.”

“शक्य नाही. दुकानातून आणलंस, माझं तोंड बंद करायला.”

आता काकांची पंचाईत झाली. बी बहिणीचं म्हणावं, तर आपलं कुलूप कुचकामी. कुलूप पक्कं म्हणावं, तर वाण गेला. नवस बोलायचा तर कशासाठी, तेच ठरेना. रोज पाणी मात्र स्वतः घालत आणि पोलिसासारखे वेलाकडे बघत बसत.

एका सकाळी फूल उमललं. जांभळं. काकांनी ते बोटाने हळूच उचलून धरलं. मग घसा खाकरून म्हणाले, “कुलूप कसं उघडलंस?”

“त्याला हातही नाही लावला. मागच्या बिजागरीची खीळ काढली, केसातल्या पिनेने.”

शेंगा वाळल्यावर काकांनी नवं बी काकूंच्या ओंजळीत ओतलं. “तूच ठेव. तुझ्यापुढे पेटीचा काय उपयोग?”

“ठेवते,” म्हणत काकू आत गेल्या. कुठे ठेवलं, ते काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून काकू बाजाराला गेल्या रे गेल्या, की त्यांच्या स्वयंपाकघरात एकेका डब्याचं झाकण वाजू लागतं.