निळा ड्रम

नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत मी परचेस मॅनेजर होतो, नेरूळला फ्लॅट होता, कंपनीची गाडी दारात यायची. ते सोडून पनवेलच्या पुढे दीड एकर घेतलं. तिथे रासायनिक खताचा दाणा टाकायचा नाही, असं ठरवलं होतं. नव्वद सालानंतरचे ते दिवस. लोकांना ‘सेंद्रिय’ म्हणजे काय हे समजावतानाच माझा घसा बसायचा.

समजवावं लागलं नाही ते एकाच बाईला. घणसोली गावातली एक म्हातारी आमच्या सोसायटीच्या गेटवर पालेभाजी विकायची. तिची शेती सरकारी भूसंपादनात गेली होती. माझं ऐकून ती हसली नाही. म्हणाली, “भात लावनार असशील तर घरी ये.”

गेलो. जुनं घर पाडून मुलांनी चार मजली बिल्डिंग उठवली होती, खोल्या भाड्याने दिल्या होत्या. स्वयंपाकघरात चकचकीत लाद्या आणि गॅस. कोपऱ्यात एक मुडी ठेवलेली, म्हणजे पेंढ्यात गुंडाळून दोरीने करकचून आवळलेलं भाताचं बियाणं. लाल तांदळाचं, लांब कुसळांचं. सासूने तिला दिलेलं. शेत गेल्यावरही दरवर्षी माहेरच्या बांधालगत मूठभर पेरून तिने ते जगवलं होतं.

“चूल गेली,” ती म्हणाली. “धूर नाय, तर मुडी टांगू कुठं? पोरांना याचं काय बी नाय. तू ने. चुलीवर टांग आनि पेरनीपर्यंत सोडू नको. दसऱ्याला दाराला बांधायला मना चार लोंब्या आनून दे, बस.”

एवढंच मागितलं होतं तिने. एवढंच!

आता माझी अक्कल ऐका. शेतावर माझी पत्र्याची शेड होती, चूल नव्हती; मी स्टोव्हवर चहा करायचो. उंदीर मात्र मुबलक. बारा वर्षं कंपनीत माल सुरक्षित कसा ठेवायचा हेच शिकलो होतो ना! मुडी सोडली, बियाणं कंपनीतून आणलेल्या निळ्या ड्रममध्ये ओतलं. ड्रम सोड्याने तीनदा धुतला होता. झाकण गच्च बसवलं, वर लेबलसुद्धा चिकटवलं. पेंढा गाईपुढे टाकला. स्वतःवर काय खूश होतो मी!

एप्रिल-मे ते पत्र्याखाली शिजलं. जूनमध्ये झाकण उघडलं तर आंबूस वास आला. तरी भिजत घातलं, गोणपाटाखाली झाकलं. दोन दिवस, चार दिवस, सहा दिवस. दिवसातून दहा वेळा गोणपाट उचलून बघायचो. एका दाण्याला मोड आला नाही. घामाने मेलं की ड्रममधल्या कशाने, मला आजही सांगता येत नाही. बांधावर बसून मी ढसाढसा रडलो. नोकरी सोडताना डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

तिच्या माहेरी धावलो. तिथेही त्या वर्षी मातीचा भराव पडला होता. शेवटी पनवेलच्या दुकानातून पांढऱ्या भाताचं बियाणं आणून लावलं. पावसाळाभर ती गेटवर विचारायची, “कसं हाय आपलं?” आणि मी, नालायक माणूस, सांगायचो, “मस्त आलंय, मावशी.”

दसऱ्याला लोंब्या घेऊन गेलो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, वाटलं, निभावेल. तिने जुडी हातात घेतली, अंगठा खालून वर फिरवला. एकदा. परत एकदा.

“याला कुसळ नाय,” ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. ड्रम, झाकण, लेबल, सगळं. ती ऐकत राहिली. लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “कोंडलंस व्हय रं त्याला.” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेरून तिचा थोरला मुलगा येताना दिसला. तिने घाईघाईने जुडी माझ्या हातात दिली. “बांध दाराला. आनि हे पोरांना बोलू नको. त्यांना वाटूदे, आपलं अजून हाय.”

स्टुलावर चढून मी जुडी बांधली. ती खाली स्टूल धरून उभी होती.

पुढच्या दसऱ्याला ती नव्हती. मुलानेच फोन केला, “आईचं भात आणताय ना?” मी नेलं. तेव्हापासून दरवर्षी नेतो. तो पाहुण्यांना दारातली जुडी दाखवतो, आमच्या आजीपासूनचं बियाणं म्हणून सांगतो, आणि मी मान हलवतो.