करीमचाचांचं लॉन

जुन्या ऑफिसातली मंडळी भेटली की पेन्शन, गुडघे आणि मोतीबिंदू हे विषय पाच मिनिटांत आटोपतात. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, ते लॉन आठवतं का?" झालं! चहा दोनदा मागवावा लागतो. आमच्या फायलींना वाळवी लागली, पण लॉनच्या किश्श्यांना ती काही लागली नाही.

आमचा उस्मानाबाद जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी रस्ते-इमारतींच्या ऑफिसात कारकून होतो. निजामाच्या काळातला बंगला, पुढं ऑफिस, मागं रेस्ट हाउस आणि मधोमध हरळीचं लॉन. उन्हाळ्यात आसपास कुठं हिरवं पान दिसायचं नाही, त्यामुळं त्या लॉनचा रुबाब मोठा. ते सांभाळायचे करीमचाचा. वीस वर्षं रोजंदारीवर! राज्य बदललं, झेंडा बदलला, पण चाचांचं नाव मजुरांच्या मस्टरवर होतं ते तिथंच राहिलं.

---

चाचा कुंडीला पाणी घालायचं की नाही ते बोटानं ठरवायचे. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर पाणी नाही, पुढची कुंडी.

अशात नवे साहेब आले, पुण्याकडचे. बरोबर बागकामाचं एक जाड इंग्रजी पुस्तक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुंड्यांच्या पाण्याची नोंद कुठं आहे?" नोंद कुठली असणार! लगेच रजिस्टर आलं, रकाने आखले गेले.

चाचांना लिहिता येत नव्हतं. ते कुंडीत बोट खुपसायचे आणि तेच बोट रकान्यात उमटवायचे. महिन्यानं साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि ओरडलेच, "ही काय घाण आहे?"

"नोंद हाय, साहेब," चाचा म्हणाले. "चिखलाचा डाग पडला तर कुंडी ओली. डाग न्हाय, तर कोरडी."

साहेबांनी पानं उलटली. "आणि हे पान का फाटलंय?"

"त्या दिशी तुम्ही सोता पाणी घातलं व्हतं!"

---

ऑफिसच्या दारात क्रोटनची एक कुंडी होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला काही ना काही द्यायचा. कुणी माठातून पाणी पिऊन उरलेलं ओतायचा, कुणी चहाची कपबशी विसळायचा, कुणी पान खाऊन पिंक टाकायचा. पानं पिवळी पडून गळायला लागली. साहेब म्हणाले, पाणी कमी पडतंय.

चाचा म्हणाले, "न्हाय साहेब. हे झाड तहानेनं न्हाय, मेहमाननवाजीनं मरायलंय."

आमचा शिपाई तुकाराम सास्तूरचा, तालमीतला गडी. तो म्हणाला, "म्या करतो बंदोबस्त." दुसऱ्या दिवशी त्यानं कुंडीत एक गोटा ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. आता थुंकायची कुणाची छाती आहे!

पिंका बंद झाल्या, ही गोष्ट खरी. पण कामं घेऊन येणारे लोक आत जायच्या आधी गोट्यावर तांब्याभर पाणी घालायला लागले. ज्याचं बिल अडकलेलं, तो कॉन्ट्रॅक्टर तर घागर घेऊन यायचा! पंधरा दिवसांत क्रोटन मुळासकट कुजलं.

साहेबांनी तुकारामला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, थुंकी बंद करतो म्हणलो व्हतो. झाली का न्हाय?"

---

गुलाबांना चाचा शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी द्यायचे. पेंड रांजणात आठ दिवस भिजत घालायची आणि आंबली की पातळ करून घालायची. गुलाब असे फुलायचे की बघत राहावं. पण त्या आठ दिवसांचा वास!

साहेबांना वाटलं, छतात उंदीर मेलाय. माणसं लावून छताच्या फळ्या काढल्या. दोन दिवस आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून फायलींच्या मागं उंदीर शोधतोय आणि चाचा खिडकीबाहेर रांजण ढवळतायत. तिसऱ्या दिवशी मला उलगडा झाला. मी विचारलं, "चाचा, सांगितलं का नाही?"

"मला कुणी इचारलं? समदे उंदीर शोधायलते. म्हणलं, सरकारी काम आसंल!"

---

मग लॉनसाठी आलं सल्फेट, म्हणजे विलायती खत. पांढरंशुभ्र, साखरेसारखं. येडशी स्टेशनवर गोणी उतरली, ती बैलगाडीतून ऑफिसात आली आणि साहेबांनी पुस्तक उघडलं. वीतभर चौकोनाला एक चिमूट, असं काहीतरी लिहिलं होतं. साहेबांनी टाकायचं काम तुकारामला दिलं.

चाचा काकुळतीला येऊन म्हणाले, "साहेब, आधी जमीन भिजवा. कोरड्यात टाकू नगा, जळंल." पण विहीर खाली गेलेली आणि साहेब घाईत. त्यात तुकारामची चिमूट म्हणजे आपली ओंजळ! आठ दिवसांत लॉनवर ताटाएवढे पिवळे डाग पडले.

खापर चाचांवर फुटलं. अधीक्षक साहेबांचं, म्हणजे साहेबांच्याही साहेबांचं, इन्स्पेक्शन महिन्यावर आलं होतं. आमचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "तोवर लॉन हिरवं झालं नाही, तर करीममियाँ, तुमचं नाव मस्टरवरून कमी!"

चाचा नुसतं "व्हय साहेब" म्हणाले आणि पाण्याला गेले. मला फार वाईट वाटलं, रागही आला. पण कारकुनाचा राग तो, शाईत भिजून टाकातच वाळला.

---

त्या महिन्यात काय काय झालं नाही! विहिरीतून दिवसाला दोन पखाली पाणी निघायचं. चाचा एकेका डागावर हातानं शिंपडायचे. गावातनं शेणखत आणून, चाळून पसरायचे. चार दिवस उरले, तेव्हा डागांच्या कडेनं पोपटी धुमारे दिसायला लागले, पण तेवढ्यानं काय होणार?

आमचे ओव्हरसिअर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, दारांचा हिरवा रंग अर्धा डबा शिल्लक आहे."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "वाळायला किती वेळ लागेल?"

---

आणि इन्स्पेक्शनचा दिवस. त्याआधी एक सांगायला हवं. साहेबांची रोज संध्याकाळी लॉनवर रमीची बैठक असायची. चार ऑफिसर, चार खुर्च्या आणि चहाची मोठी किटली. संडास पार बंगल्याच्या मागं आणि रंगात आलेला डाव सोडवत नाही. मग एकेक जण पत्ते पालथे ठेवून मेंदीच्या कुंपणाआड, भिंतीकडं जाऊन यायचा. चाचा काही बोलायचे नाहीत. रोज सकाळी तिथं एक घागर पाणी ओतायचे, इतकंच.

मोठे साहेब आले. लॉनवरून हिंडले. पिवळे डाग बघून कपाळाला आठ्या घातल्या. चाचा टोपी काढून हातात धरून उभे होते. मी फायली घेऊन मागं होतो आणि माझ्यानं चाचांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

फिरत फिरत मोठे साहेब कुंपणामागं गेले आणि थांबले. भिंतीलगत हरळी गच्च, हिरवीगार, घोट्यापर्यंत!

"वा! इथं काय केलंत?"

आमच्या साहेबांचा चेहरा उजळला. "सर, या भागात मी जातीनं लक्ष घातलंय!"

"कोणतं खत?"

साहेबांना ते कुठं माहीत? त्यांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी साहेबांकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "हुजूर, ते खत बाजारात भेटत न्हाय. ऑफिसर लोकांचीच मेहेरबानी हाय. म्या फकस्त सकाळी वरून पाणी टाकतो, न्हायतर जळतं."

"मग हेच खत सगळ्या लॉनला का देत नाही?"

"द्यायला काय, हुजूर... पर चौघांत एवढंच व्हतं. समद्या लॉनला पुरवायचं तर स्टाफ वाढवावा लागंल!"

मोठ्या साहेबांनी लॉनवरच्या चार खुर्च्यांकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. आणि हळूच आपला बूट हिरवळीतून मागं घेतला.

आमचे साहेब कानापर्यंत लाल झाले होते. मोठे साहेब खाकरले आणि म्हणाले, "हा माणूस अजून मस्टरवर का? याला कायम करायचं प्रपोजल उद्याच्या टपालात पाठवा."

प्रपोजल लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. सगळे रकाने भरले, एकच उरला. मी साहेबांना विचारलं, "सर, 'कायम करण्याचे कारण' इथं काय लिहू?"

साहेबांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

"लिहा, कॉन्फिडेन्शियल!"