बावचीचं कच्चं तेल

क्रीमच्या कारखान्यात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. नव्या क्रीमचा पहिला नमुना ती आधी स्वतःच्या दंडावर लावायची, वर पट्टी चिकटवायची आणि दोन दिवस वाट बघायची. अठरा वर्षं हेच.

बावचीच्या बियांच्या अर्काची क्रीम तिच्याच हातून पास झाली. तीन महिने चेहऱ्यावर लावल्यावर डाग फिके पडले, बारीक सुरकुत्या निवळल्या, आग नाही की खाज नाही. मात्र अहवालात तिने ठळक लिहिलं, शुद्ध केलेलाच अर्क वापरावा. कच्चं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. पहिली डबी तिने धाकट्या बहिणीला दिली. बहीण टपाल वाटायची, दिवसभर उन्हातान्हात.

"ताई, खरंच फरक पडलाय गं," असं म्हणत बहीण दर महिन्याला नवी डबी न्यायची.

एका सोमवारी पट्टीबाईने गोदामात सहज एक पिंप उघडलं. वास उग्र, तेल काळपट. ती तडक मालकांकडे गेली.

"साहेब, हे कच्चं तेल आहे. कधीपासून वापरतोय आपण?"

"महिना झाला असेल. झाडाचंच आहे ना? नैसर्गिक."

"लोकांचे चेहरे भाजतील."

"शुक्रवारपर्यंत बघतो काहीतरी. तोवर बाहेर अवाक्षर नको."

बहिणीला शेवटची डबी देऊन पंधराच दिवस झाले होते. पट्टीबाईने दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बहिणीच्या पोटात काही राहत नसे. गावभर झालं असतं आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार? चार दिवसांनी काय होतंय, अशी तिने मनाची समजूत घातली.

गुरुवारी बहीण दारात उभी राहिली. दोन्ही गालांवर टरारून फोड आलेले.

"डॉक्टर म्हणाले, क्रीममुळे झालंय. तुला ठाऊक होतं?"

"सोमवारी कळलं."

"सोमवारी," बहीण म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टीबाईने औषध तपासणीच्या कचेरीत सगळं लिहून दिलं. माल परत मागवला गेला. मंजुरीच्या कागदावर सही तिची, म्हणून मालकांनी खापर तिच्या माथी फोडलं. ज्या नोकरीसाठी गप्प बसली, ती गेलीच.

फोड बरे झाले, काळे चट्टे राहिले. आई दोघींकडे आलटून पालटून राहते, त्यामुळे बहिणी बोलतात. आईची गोळी कोणती, डॉक्टरांकडे कधी न्यायचं, एवढंच.