कापूस न घातलेलं आमिष

जयवंत वायंगणकरने आयुष्यात एकही मासा स्वतः धरला नव्हता. नाहूरला आमच्या समोरच्या घरात राहतो, वांद्र्याच्या एका कार्यालयात लिफ्टची देखभाल बघतो. मासे खाण्यात मात्र पटाईत. अशा माणसाने अठ्ठावन्नाव्या वर्षी गळ आणि शिशाची वजनं विकत आणली, तेव्हा मी त्याला यथेच्छ हसून घेतलं. कारण नंतर कळलं.

त्याची आई, सुगंधाबाई, जेवेनाशी झाली होती. वय चौऱ्याऐंशी. गौरी-गणपती गेल्यापासून चहा आणि अर्धं बिस्किट, बस्स. तपासण्यांत काही सापडलं नाही. आठवडाभर असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जयवंतच्या बायकोने, उत्तरावहिनींनी, पापलेट करून पाहिलं, सुरमई करून पाहिली. म्हातारीने वास घेऊन ताट सरकवलं.

"ह्यो बर्फातलो मासो माका नको."

देवगडकडची बाई, खाडीतला मासा तासाभरात चुलीवर चढवणारी. तेव्हा आपणच ताजा धरून आणायचा, असं जयवंतने ठरवलं.

रविवारी तो मनोरीच्या खाडीवर गेला. पाऊस ओसरून पाणी निवळलं होतं. त्याने गळाला बाजारातली कोळंबी लावली आणि शिशाच्या वजनाने दोरी तळाला सोडली. बर्फात मऊ पडलेली कोळंबी दरवेळी गळून जायची. दुपारी तो उन्हाने भाजलेल्या तोंडाने, रिकाम्या हाताने परतला. फजितीची हकिकत ऐकायला मी त्यांच्याकडे गेलोच.

"गळाक काय लावलंस?" म्हातारीने विचारलं.

"सुंगटां, आये. बाजारातली."

"म्हणजे बर्फातलीच! मासो काय तुझ्यासारखो येडो आसा? कालचो भात हाड. सुकट भाज. आमिष मी मळतंय."

उत्तरावहिनींनी कालचा भात आणून दिला, सुकट भाजून मिक्सरमधून काढली. शिळा भात, चिमूटभर हिंग, थोडं खोबरेल. म्हातारी परात पुढ्यात ओढून मळायला बसली. मळता मळता तिने बोटावरचं जरासं जिभेला लावलं.

"मीठ कमी."

वहिनींनी मीठ घातलं. तिने पुन्हा चाखलं. "आता बरा," म्हणाली आणि तिसऱ्यांदा घेतलं. हा घास मात्र चाखण्यापुरता नव्हता, चांगला लिंबाएवढा होता. आम्ही तिघंही तिच्या हाताकडे बघत होतो.

"आता वातींचो कापूस हाड. कापूस नाय घातलो तर पाण्यात सुटता."

कापूस घातला की खाणं संपलं. कापसाचा डबा देवापुढेच होता. जयवंतने तो पाठीमागे धरला आणि देवासमोर उभं राहून सांगितलं, "कापूस संपलो, आये."

"मगे तोवर मळतंय."

मळता मळता तिने चार गोळे संपवले.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी जयवंत आमिष करायला सांगायचा, कापूस मी मागाहून घालतो म्हणायचा, म्हातारी मळायची आणि चाखत राहायची. गळ खाटेखाली पडून होता. सकाळी ती विचारायची, "मासो गावलो?" आणि हा सांगायचा, "नाय, आमिष खाऊन पळालो." इतकं सरळ खोटं बोलणारा माणूस मला एरवी आवडला नसता. नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही. पण फसवणूक कळली की आई परत ताट सरकवेल, याची जयवंतला धास्ती होती. त्याची झोप उडाली होती.

सहाव्या संध्याकाळी मी तिथेच बसलो होतो. परातीत अर्धं उरलं होतं. म्हातारी म्हणाली, "जया, उद्या हिरवी मिरची घाल थोडी."

"आये, मासो मिरची खाता?"

"मासो खंय आसा?" ती परातीतून नजर न काढता म्हणाली. "मीच खातंय मा?"

जयवंत जागच्या जागी बसला आणि पोरासारखा रडला. उत्तरावहिनी पिशवी घेऊन मिरच्या आणायला खाली गेल्या.