बानूबाई आणि गोव्याचं शीड

मुरुमच्या बाजारात बानूबाईचं ताडपत्र्या शिवायचं दुकान. नवऱ्याच्या माघारी तीस वर्षं तिनं मशीन चालवलं, पण गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबून कधी टाका घातला नाही. कापड आधी उजेडाला धरायची, मगच बोलायची.

माकणीचा शिवानंद धरणावर नौकाविहार सुरू करणार होता. त्यासाठी त्यानं गोव्याहून जुनी कॅटमरान आणली होती, दोन तळांची शिडाची होडी. तिचं शीड घेऊन तो दुकानात आला.

"मावशी, कोपऱ्याला ठिगळ तेवढं लावा. एकच वर्ष वापरलंय म्हणे."

त्या 'म्हणे'नं बानूबाईचे कान टवकारले. शीड पांढरंशुभ्र, वर साबणाचा वास. बाजारात न्यायच्या आधी म्हातारी म्हैस घासूनपुसून तेल लावतात, तशातली गत. मधोमध चिकटवलेला होडीचा आकडा खरवडून काढल्याची खूण दिसली. आकड्याखाली उन्हापासून झाकलेलं तिथलं कापड अजून कागदासारखं करकरत होतं; बाकीचं जुन्या धोतरासारखं लुळं. उजेडाला धरलं तर टाचणीएवढी भोकं चमकली. शिवणीवर नख ओढलं तसा दोरा भुरभुरला.

"एका वर्साचं ऊन न्हाय हे. लई उन्हाळे खाल्लेत यानं. ठिगळ टिकंल, कापड टिकायचं न्हाय."

शिवानंदचा चेहरा पडला, मग ताठला. "आमी टाकून द्यायचं, अन् तुमी त्याची पालं शिवून इकायची. व्हय ना?"

बानूबाईला ते झोंबलं. मशीनवर बसून तिनं दुहेरी शिवणीचं ठिगळ लावलं, शिडाचं एक टोक दारातल्या लिंबाला बांधलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"वढ आता. वारं वढतंय तसं."

त्यानं ओढलं. ठिगळ जागचं हललं नाही. त्याच्या कडेनं मात्र कापड हातभर टरकलं.

शिवानंदनं ती चीर बोटानं चाचपली. "पहिल्या फेरीला वैष्णवीला बसवणार होतो," तो हळूच म्हणाला. "माझी पोरगी."

बानूबाईचा राग निवला, संशय मात्र निवला नाही. "होडी इकली त्या माणसाकडून आणखी काय घेतलंस?"

"दोरखंड. अन् आठ लाइफ जॅकेटं."

"समदं घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो पोतं भरून घेऊन आला. बानूबाईनं चष्मा लावला, जॅकेटांचा एकेक पट्टा पायाखाली दाबून ओढला आणि ज्यांचे पट्टे उसवले ती तीन जॅकेटं बाजूला फेकली. चुकूनही कुणी घालू नये म्हणून शिवानंदनं त्यांचे पट्टे तिथंच कापून टाकले. मग तिनं दोरखंडाला हात घातला.