मका उपटून जाळा

मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड. कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली, अळी दिसली की तिचं गोत्र सांगणारी. लेकीकडे सिंगापूरला आले खरी, पण जुरोंग वेस्टच्या त्या कॉन्डोत माझ्या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. कुंडीतल्या कढीपत्त्यावर मावा पडला तर तेवढाच विरंगुळा.

लेकीची कंपनी आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांना फोनवर सल्ला द्यायची. तिच्या वाट्याला झांबियातला गवताळ मुलूख होता. तिथल्या बारा बायकांच्या गटाची प्रमुख होती एक निवृत्त शिक्षिका. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चोख. लेकीच्या सांगण्यावरून त्या बायकांनी त्या वर्षी पहिल्यांदाच पावसाआधी कुदळीने खड्डे खणले, खड्ड्याखड्ड्यात शेणखत घातलं आणि पाऊस पडताच मका टोकला. असा काळाभोर मका त्या जमिनीत कधी आला नव्हता म्हणे. वर्षभराचं पीठ म्हणजे तोच मका, दुसरा आधार नाही.

एका संध्याकाळी शिक्षिकेने मक्याचा फोटो पाठवला. पानांना भोकं, पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, ओला भुसा.

"आई, बघ गं जरा."

"खोडकिडा," मी चहाचा घोट घेत म्हटलं.

"चष्मा तरी लाव."

"खोडकिड्याला चष्मा कशाला? लिही, पोखरलेली झाडं मुळासकट उपटून जाळा. नाहीतर शेजारच्या झाडात शिरतो."

"नक्की ना? ऑफिसात एकदा विचारते."

"तुझ्या ऑफिसात कोणी मक्याचं ताट हातात धरलंय का कधी?"

बिचारीने माझ्या नावाने मेसेज पाठवला. शिक्षिकेचं उत्तर आलं : "उद्या सूर्य उगवला की आधी माझं शेत. बाकीच्या बघतील, मग आपापली उपटतील."

मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कोणीतरी आपलं ऐकतंय, हे सुख फार वाईट.

दुसऱ्या दिवशी लेक लवकर गेली. तिचा टॅबलेट जेवणाच्या टेबलावर राहिला होता. दहाच्या सुमारास उघडला तर शिक्षिकेने रात्री उशिरा पाठवलेला नवा फोटो. तळहातावर अळी, जवळून काढलेली. आता मात्र चष्मा लावला आणि फोटो मोठा केला. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय, उलटा. शेपटीकडे चार ठिपके, चौकोनात मांडल्यासारखे.

हा खोडकिडा नव्हता. अमेरिकेतली लष्करी अळी आफ्रिकेत उतरल्याचं मी वाचलं होतं. आपल्याकडे ती तेव्हा आली नव्हती, म्हणून माझ्या लेखी ती नव्हतीच. ही अळी पोंग्यात बसून पानं कुरतडते, पण आतला कोंब बहुतेक वेळा वाचतो. पाऊस बरा असला तर झाड सावरतं. म्हणजे मी जगणारी झाडं उपटायला सांगितली होती.

झांबियात पहाटेचे चार. सूर्य उगवायला दीड-दोन तास. आता शहाणी बाई काय करेल? फोन करेल. मी काय केलं? ती लष्करी अळी नाहीच, असं सिद्ध करायला बसले. इंटरनेटवरचे फोटो पालथे घातले. प्रत्येकात तो उलटा वाय मला वाकुल्या दाखवत होता. त्यात तास गेला.

मग शिक्षिकेला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बॅटरी पुरावी म्हणून ती फोन बंद ठेवते, हे लेकीने सांगितलेलं आठवलं. लेकीला लावला, तिने कापला. "मीटिंग आहे," असा मेसेज. मी लिहिलं, "मी चुकले." पुसलं. लिहिलं, "थोडा गोंधळ झालाय."

उत्तर : "वॉशिंग मशीन का? दाराखाली टॉवेल लाव."

जावई जुरोंग आयलंडला. तिथे प्लांटमध्ये शिरताना फोन गेटवर ठेवावा लागतो. साडेअकरा झाले. झांबियात उजाडलं असणार. मी स्वयंपाकघरात उभी राहून पुन्हा पुन्हा नंबर लावत होते आणि डोळ्यांपुढे एकेक ताट उपटलं जात होतं, बुडाच्या शेणखतासकट. शिक्षिकेच्या मागे बाकीच्या अकरा जणी. शेवटी लेकीला लिहिलं, "मशीन नाही. किडा मी चुकीचा सांगितला. मका वाचव."

पाचव्या मिनिटाला तिचा फोन. "आई! कधी कळलं तुला?"

"दहाला."

"दीड तास?" तिने विचारलं. ते फार लागलं. मग म्हणाली, "मीपण लावते. तू थांबू नकोस."

पाऊण वाजता मला फोन लागला.

"आगोगो?" शिक्षिकेचा आवाज. त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात.

"उपटू नका! थांबा! चूक माझी आहे!"

"तीन ओळी उपटल्या," ती म्हणाली. "मग एक ताट सुरीने चिरलं. आत खोड पांढरं, स्वच्छ. खोडकिडा खोडात नाही तर कुठे असतो? म्हणून थांबले. विचारायला आत्ता फोन चालू केला. बाकीच्या बांधावर उभ्या आहेत."

स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, पोंगा उकलून अळ्या वेचा, चिरडा, पोंग्यात चिमूट-चिमूट राख आणि बारीक माती टाका.

"राख आम्ही खोडकिड्याला नेहमीच टाकतो," ती म्हणाली. "तुमच्या मेसेजात राख नव्हती, म्हणून यंदा टाकली नाही."

मी टॅबलेटवर कालचा मेसेज काढून पाहिला. राख नव्हतीच.

"आता तुम्ही लिहून पाठवा, आगोगो. मुलीने नाही, तुम्ही. चूक काय होती तेही लिहा. मी बांधावर मोठ्याने वाचून दाखवते. आणि पुढच्या वेळी आधी चिरायला सांगा, मग उपटायला."

मी लिहिलं. माझ्या इंग्रजीतल्या दोन चुका तिने सुधारून परत पाठवल्या. त्यानंतर रोज सकाळी त्या अळ्या वेचत राहिल्या, पाऊसही लागून राहिला. पानांच्या चिंध्या झाल्या, तरी कणसं धरली.

कापणीच्या सुमारास मी लेकीच्या फोनवरून विचारलं, "वर्षभर पुरेल ना पीठ?"

"मला जेमतेम," ती म्हणाली. "बाकीच्यांना पुरेल. त्यांनी उपटलं नव्हतं."