ड्राफ्टमध्ये राहिलेलं आमंत्रण

रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यात कंपनीत मेलचा सर्व्हर मी सांभाळतो. तो नीट चालतो तोवर माझी कुणाला आठवण नसते. त्या सोमवारी मात्र माझ्या टेबलाभोवती जत्रा भरली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कळवलं होतं, की त्यात एक भोक सापडलंय. ऑफिसातल्या कुणीही ब्राउझरमध्ये एक ठराविक पत्ता टाकला, की दुसऱ्याची मेल पासवर्डशिवाय वाचता येत होती.

"माझं कोणी वाचलं काय?" जो तो हेच विचारत होता. "बघतो," मी ऐटीत म्हणालो. खरी धास्ती मलाच होती.

आईच्या बाराव्याला मी धाकट्या भावाला चारचौघांत 'पाहुणा' म्हणालो होतो. तो तडक मुंबईला गेला, फोन नंबरही बदलला. उरला एक मेलचा पत्ता. दर शिमग्याला मी लिहायचो, 'पालखी घरी येतेय. ये. तू पाहुणा नाहीस.' आणि पाठवायचो नाही. मोठा मी, मी कशाला वाकू? सगळं ड्राफ्टमध्ये पडून होतं, आणि ते ऑफिसात कुणी वाचलं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. साहेबांची मेल तिघांनी वाचली होती. खरेदीवाल्याची तर त्याच्या शेजारच्यानेच. माझी कुणीच उघडली नव्हती. हुश्श झालं. चहा मागवला, आणि तो पिता पिता मला रडूच यायला लागलं. इतक्या माणसांत एकालाही वाटू नये, हा काय लिहितो बघू?

सुधारित आवृत्ती टाकून भोक बुजवलं. मग त्याच तिरमिरीत यंदाची मेल भावाला पाठवून दिली.

मिनिटभरात ती परत आली. असा पत्ता आता अस्तित्वात नाही, म्हणे. कधी बंद झाला, कोण जाणे. आधी एकदा जरी पाठवली असती तर निदान तेवढं कळलं असतं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली. ओटी भरायला शेजारची काकी आली होती, घरचा मी एकटाच. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने मुंबईच्या लेकरालाही सांभाळ म्हणून देवाला विनवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "धाकल्याला कळावलास नाय काय रं?"

"राहिलं," मी म्हणालो.